विश्रामबागेतला दातांचा दवाखाना, केदारनाथ आणि माझी छत्तीस नंबरची दाढ

पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच, पण आधी एक सांगतो, हा दवाखाना नसता तर आमचं केदारनाथ यावर्षी झालं नसतं, किंवा झालं असतं पण मी देवापुढं हात जोडायच्या ऐवजी गाल धरून उभा राहिलो असतो. नाव लिहीत नाही कारण मॅडमच म्हणाल्या काका नका लिहू, आहे तीच गर्दी आवरंना झालीय. सांगलीत विश्रामबागेत आहे, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान, आणि जिना एवढा अरुंद की वरनं कुणी उतरत असलं तर आपण खालीच थांबायचं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, सव्वीस वर्षं झाली. फेब्रुवारीपासनं मेपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, सौदे, पट्ट्या, तोलाई-हमालीचे हिशेब, शेतकरी पैशासाठी समोर उभा असतो त्याला थांबा माझी दाढ दुखतीय असं सांगता येत नाही. आणि नेमकी त्याच सीझनमध्ये दाढ सुरू झाली. मार्चमध्ये पोरानं गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आता साठ दिवस आधीच बुकिंग उघडतं ना, सकाळी आठच्या ठोक्याला तो लॅपटॉपसमोर आणि मी मागं गार पाण्याचा तांब्या घेऊन उभा, कन्फर्म झालं म्हणून खुशीत घटाघटा पाणी प्यालो आणि डाव्या बाजूला खाली अशी कळ चमकून गेली की तांब्याच खाली ठेवला. दोन सेकंदात थांबली. मी विसरलो. तेव्हाच गेलो असतो तर साधं सिमेंट भरून सातआठशे रुपयात भागलं असतं, हे मला नंतर कळलं. मॅडमनी फार सोप्पं करून सांगितलं होतं, गार लागल्यावर चमकतं आणि लगेच थांबतं तोवर आतली नस वाचायचा चान्स असतो, पण गरम चहानं कळ येऊन दहा-पंधरा मिनिटं राहायला लागली आणि रात्री झोपेतनं उठवायला लागली की नस वाचवायची वेळ गेली समजायचं.

एप्रिलमध्ये मी चहावर आलो. म्हणजे चहा प्याला की कळ. घराजवळच एका दवाखान्यात गेलो, कुठला ते सांगत नाही, भांडण काढायचं नाही मला, त्यांनी तोंडात बॅटरी मारली, आरशाच्या दांड्यानं ठकठक केलं, एक्सरे नाही काही नाही, पाच दिवसाच्या अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, म्हणाले बघू नंतर. तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं. मी म्हणलं भारी डॉक्टर. बायको म्हणाली अहो एकदा एक्सरे तरी काढून घ्या, प्रवास आहे पुढं. मी म्हणलं दुखत नाही तर एक्सरे कशाचा काढायचा, गालाचा?

मग निघायच्या आधी आठ दिवस, रात्री दोन वाजता.

ती रात्र ज्यानं काढलीय त्यालाच माहीत. कानात, कपाळात, मानेत, कुठली दाढ दुखतीय तेच कळंना, वरची का खालची ते पण सांगता येईना. आडवं झालं की ठणका वाढायचा, उठून बसलं की जरा कमी, म्हणून मी खुर्चीत बसून पहाट काढली. दाताची नस चारी बाजूनं टणक कवचात बंद असते, सुजली तरी तिला पसरायला जागाच नाही, आणि आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्रीच जास्त ठणकतं, हे ज्ञान मला नंतर मिळालं, त्या रात्री मला वाटत होतं की कुणीतरी मुद्दाम करतंय.

सकाळी यार्डात गेलो तर हजार डॉक्टर. हमालांचा मुकादम म्हणाला दिवाणजी मशेरी लावा, आमची आई साठ वर्षं लावतीय. त्याच्या आईला एकही दात नाही हे मी बघितलंय. एक व्यापारी म्हणाला ॲस्पिरिनची गोळी कुटून हिरडीवर दाबून धर. आमच्या मालकांनी स्वतः हळद-मीठ-मोहरीचं तेल सांगितलं, आता सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालं हे खरं, पण त्यात दाढ बरी होते असं कुठं लिहिलेलं नाही. मी त्यातल्या त्यात शहाणपणा केला म्हणून लवंगाचं तेल आणलं. आणि कापसाचा बोळा भिजवून रात्रभर दाबून ठेवला. तासभर खरंच बधिर झालं बरं का, लवंगात युजेनॉल म्हणून असतं त्यानं होतं ते, पण सकाळी आरशात बघितलं तर हिरडी पांढरी पडलेली, भाजल्यासारखी. दुखणं तसंच आणि वर तोंड पोळलेलं. एखादा थेंब कापसाला लावून दाताच्या खड्ड्यातच टेकवायचा आणि काढून टाकायचा, हिरडीला लागू द्यायचा नाही, असं असतं ते. ॲस्पिरिनचं पण तेच, ती पोटात जाऊन काम करते, हिरडीवर धरली तर हिरडी जाळते.

दवाखाना कुठला बघायचा यावर घरात चर्चा. मेव्हणे म्हणाले मिरजेला चला, वानलेस साहेबानं १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासनं मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. शेजारचे म्हणाले डेंटल कॉलेजला दाखवा, सांगलीत दोन आहेत, एक भारती विद्यापीठाचं आणि एक कवलापूरला, स्वस्तात होतं. होतं स्वस्तात, माझ्या भाच्यानं करून घेतलंय, सरांच्या देखरेखीखाली मुलं करतात आणि नीट करतात, पण चकरा जास्त आणि माझ्याकडं दिवस मोजून सहा. शेवटी झेरॉक्सवाल्या ओळखीच्या पोराकडनं ह्या मॅडमचा नंबर लागला.

आता खरा रिव्ह्यू.

आत गेल्या गेल्या मॅडमनी तोंड उघडा म्हणलंच नाही. आधी विचारलं, काका काय काय गोळ्या चालू आहेत. मी म्हणलं बीपीची एक. परवापासनं दुखण्याच्या किती खाल्ल्या? मी स्ट्रिप काढून दाखवली, मेडिकलवाल्यानं दिलेली, दोन दिवसात सहा, त्यातल्या तीन उपाशीपोटी. त्यांनी कपाळाला हात लावला नाही पण चेहरा तसा केला. मग बीपी बघितलं, १६० वर ९६ निघालं, म्हणाल्या बाहेर वीस मिनिटं शांत बसा, पाणी प्या, मग परत बघू. मला वाटलं टाळतायत. पण ते इंजेक्शन असतं ना भुलीचं त्यात रक्तवाहिन्या आवळणारं औषध पण असतं, म्हणून बीपीवाल्याला जपून द्यायचं, आणि दुखण्याच्या जोरदार गोळ्या बीपी वाढवतात ते वेगळंच. दुसऱ्यांदा १४४ आलं तेव्हा खुर्चीत घेतलं.

आणि एक्सरे काढता काढता त्यांनी जे विचारलं तिथंच मी मनातल्या मनात तीन स्टार देऊन टाकले. कुठं जाणार? केदारनाथ. कसं? ट्रेननं दिल्ली, मग गाडीनं हरिद्वार, पुढं गुप्तकाशी, गौरीकुंडापासनं चालत. किती दिवस? अकरा. हेलिकॉप्टर नाही ना? नाही, बायकोला हवं होतं, मिळालं नाही. वर मुक्काम करणार? एक रात्र. त्यांनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. अहो मी सव्वीस वर्षं हिशेब लिहितोय, समोरचा माणूस लिहितोय म्हणजे ऐकतोय एवढं मला कळतं.

एक्सरे समोरच्या स्क्रीनवर लगेच आला. दाढ, तिला दोन मुळं, आणि वरनं एक काळा डाग थेट नसेपर्यंत उतरलेला. म्हणाल्या ३६ नंबर, रूट कॅनॉल लागणार. मी म्हणलं मॅडम माझ्या तोंडात मोजून बत्तीस, त्यातल्या अक्कलदाढा दोन काढलेल्या, छत्तीसावी कुठनं आली? तर ती त्यांची पद्धत आहे, तोंडाचे चार भाग करतात, उजवीकडचा वरचा एक, डावीकडचा वरचा दोन, डावीकडचा खालचा तीन, उजवीकडचा खालचा चार, आणि मग मधल्या दातापासनं मागं मोजत जायचं, म्हणजे तिसऱ्या भागातला सहावा दात तो ३६, तीन सहा म्हणायचं. आमच्या गोदामात थप्पी नंबर आणि पोतं नंबर असतं तसलंच. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढं ह्याच नंबरानं माझं काम झालंय.

इंजेक्शन. मी घाबरट माणूस आहे, लपवत नाही. पहिलं दिलं, अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली, म्हणलं झालं काम, ड्रिल टेकवलं आणि टाचेपर्यंत कळ गेली. दुखलं तर हात वर करा म्हणाल्या होत्या, मी हात नाही अख्खाच उठलो. पण त्या चिडल्या नाहीत, ‘जरासं सहन करा’ पण म्हणाल्या नाहीत, लगेच थांबल्या. सुजलेल्या नसेवर भूल नीट चढत नाही आणि खालच्या दाढेला तर बऱ्याचदा असं होतं म्हणून अजून एक इंजेक्शन दाताच्या अगदी कडेला दिलं, पाच मिनिटं थांबल्या, गार कापूस लावून बघितला, काही कळत नाही म्हणल्यावर परत सुरू. त्यानंतर खरंच काही कळलं नाही. तोंडावर एक हिरवं रबर ताणून बसवलं होतं, त्यातनं एकटी माझी दाढ वर आलेली, बाकी सगळं झाकलेलं, पाणी औषध काय घशात जात नाही. मुळांच्या आत नसेच्या तीन नळ्या निघाल्या, केसाएवढ्या सुया घालून साफ करत होत्या आणि पोहायच्या टाकीला येतो तसला वास. पाऊण तास. मधे मला डुलकी लागली, खोटं वाटंल, पण दोन रात्रीची झोप बाकी होती.

आता मुद्दा असा की मी म्हणलं होतं आजच पूर्ण करून टाका, कॅप पण बसवा, जायच्या आधी विषय संपवा. त्या म्हणाल्या नाही. आतनं अजून ओल येतीय, थांबत नाही, अशात घाईनं कायमचं भरून बंद केलं आणि नेमकं वर गेल्यावर सुजलं तर काय करणार. आणि हे ऐकताना मला हरिपूरची पेवं आठवली. नवीन पोरांना माहीत नसंल, हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे, वरनं तोंड बंद करून माती, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. तर पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं, आत श्वास घ्यायला हवाच नसते, घाई करून माणसं गेलीत त्यात. मी अर्ध्या बधिर तोंडानं हे सगळं मॅडमना सांगितलं, त्यांना किती कळलं देव जाणे, पण हसल्या आणि म्हणाल्या काका अगदी बरोबर, आज नुस्तं पेव उघडलंय.

तर त्यांनी नस काढली, साफ केलं, आत औषध भरलं आणि वरनं तात्पुरतं सिमेंट. तीन दिवसांनी परत बोलावलं, परत साफ, परत औषध, आणि ह्यावेळी सिमेंट जाड. सोमवारी आमची गाडी होती, शुक्रवारी हे झालं. मुद्दाम मधे दोन दिवस मोकळे ठेवले, काही व्हायचं असलं तर सांगलीत असतानाच होऊ दे म्हणाल्या. उंचीचं पण सांगितलं. बंद पोकळीत हवा अडकलेली असली तर वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा पसरते, म्हणून अर्धवट भरलेली किंवा आत सडलेली दाढ विमानात अचानक ठणकते. विमानाच्या आत जो दाब ठेवतात तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाएवढा असतो, आणि केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर. म्हणजे आपण विमानात न बसताच विमानाच्या वर जाणार. बायको म्हणाली बघा, हेलिकॉप्टर मिळालं नाही तेच बरं झालं. मी काय बोललो नाही.

अँटिबायोटिक दिलीच नाही. मी मागितली तरी नाही. सूज नाही, ताप नाही, पू नाही, मग कशाला, नसेच्या दुखण्याला त्या गोळीनं फरक पडत नाही म्हणाल्या. मी म्हणलं पण एप्रिलमध्ये थांबलं होतं की. तर म्हणाल्या तसं ते मधे मधे आपोआप थांबतंच, तुम्ही श्रेय गोळीला दिलं. घ्या. पाच दिवस पोट बिघडवून मी त्या डॉक्टरची चार लोकांना शिफारस करून बसलो होतो.

आणि मग ती चिठ्ठी. माझ्या मते अख्ख्या बिलातली सगळ्यात भारी वस्तू, आणि तिचे पैसे लावलेले नाहीत. लेटरहेडवर इंग्रजीत दहा-बारा ओळी, दात नंबर ३६, कुठल्या तारखेला काय केलं, तीन नळ्या, आत कुठलं औषध, वर कसलं सिमेंट, बीपीची कुठली गोळी चालू, कशाची ॲलर्जी नाही, आणि खाली त्यांचा नंबर. दोन्ही एक्सरे माझ्या मोबाईलवर पाठवले. मागच्या बाजूला मराठीत माझ्यासाठी: डावीकडनं चावायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, जेवून. दुसऱ्या चार जोरदार गोळ्या दिलेल्या त्या अगदीच नाइलाज झाला तर, एकावेळी एकच, बीपी आहे म्हणून सलग खायच्या नाहीत. (ह्या माझ्यासाठीच्या आहेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरला विचारा, कुणाला ॲसिडिटी असते कुणाला किडनी कुणाला दमा.) बाहेरनं गालाला शेक द्यायचा नाही. आणि खाली लाल पेनानं, सूज गळ्याकडं उतरली, तोंड उघडंना, गिळता येईना, ताप आला तर दाताचा डॉक्टर शोधत बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला. शेवटची ओळ वाचून मी जरा टरकलो, चढताना डावा जबडा दुखला आणि सोबत घाम, छातीत जड, दम लागला तर दाढ समजू नका, हृदय समजा आणि थांबा. बावन्न वर्षं, बीपी आणि डावी बाजू, म्हणाल्या ह्यात गफलत व्हायला वेळ लागत नाही.

सोमवारी रात्री मिरजेत गाडीत बसलो. दोन रात्रीचा प्रवास. बायकोनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सांगलीकर म्हणल्यावर भडंग, दोन किलो. मंगळवारी दुपारी भुसावळ सोडलं, समोर जळगावचं एक कुटुंब, गप्पा रंगल्या, त्यांना भडंग दिलं, त्यांच्यासोबत मी पण मूठभर तोंडात टाकलं, आणि तळलेला शेंगदाणा नेमका डावीकडं. कट्. सिमेंटचा तुकडा जिभेवर. दोष कुणाचाच नाही, माझा आणि भडंगाचा.

दीड वाजता दवाखान्याला फोन लावला. उचलत नाहीत. पावणेदोनला परत. दोनला परत. एक ते पाच दवाखाना बंद, आणि बंद म्हणजे फोन पण बंद, कापलेला स्टार तो हा. चिठ्ठीवर नंबर देता तर तो दुपारी चालू पाहिजे ना? साडेतीन तास मी जीभ त्या खड्ड्यात घालून बसलो, दुखत नव्हतं पण डोक्यात सगळं उंचीचं दाबाचं चालू. इटारसीच्या जवळपास पाचला फोन लागला, रिसेप्शनच्या मुलीनं लगेच मॅडमना दिला. म्हणाल्या घाबरू नका, नस काढलीय त्यामुळं ठणका लागणार नाही, पण खड्डा उघडा राहिला तर घाण आत जाईल, एकदोन दिवसात भरून घ्या, हरिद्वारला कुणीही भरंल, चिठ्ठी दाखवा. तोवर काही खाल्लं की कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, आणि काडी पिन असलं काही आत घालायचं नाही. चहावाल्याकडनं दहा रुपये देऊन गरम पाणी घेतलं, चहा नको म्हणल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बास.

हरिद्वारला स्टेशनच्या रस्त्याला एक दातांचा दवाखाना दिसला, आत एक पोरगेलेसे डॉक्टर. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत सुरू केलं, साब वो दाढ में जो भरा था वो निकल गया. त्यांनी हात पुढं केला, चिठ्ठी घेतली, वाचली, मोबाईलवर एक्सरे मोठा करून बघितला आणि एकच शब्द बोलले, ‘छत्तीस.’ मी म्हणलं हां जी, छत्तीस. मिरजेपासनं दीड हजार किलोमीटरच्या वर, भाषा वेगळी, माणूस वेगळा, आणि माझी दाढ त्याला नंबरानं माहीत. नवीन एक्सरे काढला नाही, परत उघडून बघतो म्हणलं नाही, आत औषध जागेवर आहे बघितलं, धुतलं, सिमेंट भरलं, पंधरा मिनिटं. तीनशे रुपये. निघताना त्यांनी चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात तारीख टाकून काय केलं ते दोन ओळीत लिहून दिलं, मी न सांगता. तासभर काही खाऊ नका म्हणाले. भडंग उरलेलं सगळं मी त्यांच्या कंपाउंडरला देऊन आलो.

केदारनाथाबद्दल इथं काय लिहीत नाही, ते लिहायला बसलो तर रिव्ह्यू राहील बाजूला. दाढेपुरतं सांगतो. सोळासतरा किलोमीटर चढ, दम लागला की माणूस तोंडानं श्वास घेतो आणि ती गार हवा सरळ दातांवर. ३६ शांत. पण उजवीकडची वरची एक चमकायला लागली जी आयुष्यात कधी बोलली नव्हती. मफलर नाकातोंडावर गुंडाळला, थांबत थांबत चढलो, बंद झालं. डावा जबडा मात्र प्रत्येक वळणावर चाचपत होतो, त्या लाल पेनाच्या ओळीनं.

गुप्तकाशीच्या लॉजवर सोलापूरकडचे एक आजोबा भेटले, गाल टम्म सुजलेला, आणि मुलगा त्यांना गरम पाण्याची पिशवी देत होता. मी चिठ्ठीची मागची बाजू दाखवली, शेक थांबवा म्हणलं. गोळ्या बघितल्या तर दोन वेगवेगळ्या नावाच्या स्ट्रिपा, दोन्हीत पॅरासिटामॉल, म्हणजे नाव बदलून एकच गोळी डबल जात होती. त्यांना तोंड पण पूर्ण उघडता येत नव्हतं. मी म्हणलं दर्शन नंतर, आधी खाली उतरा, मोठं हॉस्पिटल गाठा. मुलगा ऐकायला तयार नव्हता पण आजोबांनी स्वतःच मान हलवली. सकाळी त्यांची गाडी खाली गेली.

परत आल्यावर जूनमध्ये दोन वेळा गेलो. ओल थांबली होती, तीन नळ्या कायमच्या भरल्या, मग आठ दिवसांनी कॅप. कॅप आधी किंचित उंच लागत होती, दात नीट मिटंना, निळा कागद चावायला देऊन घासून दिली, दुसऱ्या दिवशी परत जाऊन अजून थोडी घासून घेतली, त्याचे पैसे नाहीत. हिशेब सांगतो, दिवाणजी आहे शेवटी: तपासणी दोनशे, रूट कॅनॉल एक्सरेसकट चार हजार, कॅप साडेपाच, एकूण नऊ हजार सातशे, हरिद्वारचे तीनशे धरून दहा हजार राउंड. कॅपचे तीन प्रकार दाखवले, महागातलीच घ्या असा आग्रह नाही, मागची दाढ आहे दिसत नाही, मधली घ्या म्हणाल्या.

बाकी तक्रारी किरकोळ. सहाची अपॉइंटमेंट म्हणजे पावणेआठ. मी चारही वेळा घड्याळ लावून बघितलंय. बाहेर टीव्हीवर सिरीयल चालू असते, तिचा आवाज कमी करा म्हणलं तर रिसेप्शनची मुलगी म्हणते आतला ड्रिलचा आवाज पेशंटला ऐकू येऊ नये म्हणून आहे, आता ह्यावर काय बोलायचं. पार्किंग नाही. म्हाताऱ्या माणसाला तो जिना अवघड आहे, माझ्यासमोर एका आजीला दोघांनी धरून वर आणलं. बिल हातानं लिहून देतात, फोन पे चालतं. फोनचं मॅडमना तोंडावर सांगितलं, बाहेरगावी गेलेल्या पेशंटसाठी दुपारी तरी कुणी उचला म्हणून, बघते म्हणाल्या. परवा दोनला मुद्दाम लावून बघितला. उचलला नाही.

आता बायकोची वरची दाढ गार पाण्याला चमकायलीय, दोन सेकंद, आणि दिवाळीनंतर आमचं रामेश्वर ठरलंय. तिची अपॉइंटमेंट घेतलीय गुरुवारी सहाची. साडेसातला घरातनं निघू.